पावसाळ्यात हॉपरमधली साखर अडकते तेव्हा : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात बिस्किटे, जॅम, सरबते, गोळ्या-चॉकलेटे बनवणारे जे कारखाने आहेत, त्यांच्याकडून जून ते सप्टेंबरच्या दरम्यान एकच तक्रार सतत येते : साखर हॉपरमधून, म्हणजे यंत्राला साखर पुरवणाऱ्या शंकूच्या तळाच्या टाकीतून, उतरत नाही. साखर हाताळणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे हा बिघाड मी अनेक ठिकाणी, अनेक पावसाळ्यांत दुरुस्त केला आहे. बहुतेक ठिकाणी पहिला संशय साखरेवर घेतला जातो आणि पुरवठादाराला फोन जातो. माझा अनुभव मात्र असा आहे की साखर आली तेव्हा बहुधा ठीक असते. पाणी तिला आपल्याच आवारात मिळते, आणि ते पाण्याच्या नळातून नव्हे, तर दमट हवेतून आणि थंड पृष्ठभागांवरून मिळते. म्हणून पुढचा सगळा क्रम एकाच शोधासाठी आहे : हवा कुठे थंड होते आहे आणि ते पाणी साखरेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते आहे.

लक्षणे

सुरुवात सहसा वजनकाट्यापासून होते. एका बॅचची साखर तोलायला जो वेळ लागत असे, तो हळूहळू वाढत जातो, आणि कामगार हॉपरच्या शंकूवर हातोडी मारू लागतात. शंकूवरच्या पत्र्याला पोचे पडलेले दिसले, तर हा त्रास जुना आहे असे खुशाल समजावे. त्यानंतर स्क्रू कन्व्हेयरच्या (फिरत्या स्क्रूने साखर पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या) मोटरचा अँपिअर वरखाली होऊ लागतो, रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या पात्यांनी साखर खाली सोडणारी झडप) अधूनमधून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि चाळणीच्या वरच्या जाळीवर गुठळ्या साचतात. सिरपच्या टाकीत ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे प्रमाण) कमी येतो, कारण गुठळ्या तळाशी बसतात आणि ठरलेल्या वेळात विरघळत नाहीत. लेव्हल सेन्सर हॉपर भरलेला दाखवतो, पण खाली काहीच पडत नाही. मग अचानक धप्प आवाज होऊन सगळा ढीग एकदम कोसळतो आणि धुळीचा लोट उठतो. साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत हे सगळे जास्त होते. कधी होते, त्याची नोंद ठेवावी. पुढे कारण शोधताना या नोंदीचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

एक गोष्ट पुष्कळांना चकवते. मुसळधार पाऊस चालू असताना साखर कशीबशी वाहते, आणि पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडले की ती घट्ट बसते. त्यामागचे कारण साधे आहे. दमट हवेत दाण्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर येतो, आणि त्यात साखर विरघळून दाट पाक तयार होतो. हवा कोरडी झाली की पाणी उडून जाते आणि पाकातली साखर दोन दाण्यांच्या मध्ये स्फटिक होऊन त्यांना जोडून टाकते. नुसते सादळणे साखरेला ओलसर करते. सादळणे आणि वाळणे यांचा फेरा तिला कठीण करतो. म्हणूनच दिवसरात्र थोडी दमट पण स्थिर असलेली खोली ही, दिवसा वातानुकूलित आणि रात्री यंत्रणा बंद करून उघडी टाकलेल्या खोलीपेक्षा साखरेला कमी त्रास देते.

पहिली तपासणी : गुठळी हातात घेऊन पाहणे

या तपासणीला काहीही खर्च नाही, आणि तरीही ती जवळजवळ कोणी करत नाही. गुठळ्या चाळणीवरून थेट कचऱ्यात किंवा पुन्हा वितळवण्याच्या टाकीत जातात. त्याऐवजी त्यातल्या दहा-बारा गुठळ्या एका ट्रेमध्ये ठेवून चांगल्या उजेडात एकेक फोडून पाहाव्यात.

बाहेरून कडक कवच आणि आत मोकळे दाणे अशी गुठळी असेल, तर ओल बाहेरच्या हवेतून आली आहे. म्हणजे गोणी उघडल्यानंतर किंवा गोदामात काहीतरी चुकते आहे. गुठळी एकाच बाजूने कडक आणि चपटी असेल, तर ती बाजू जमिनीला किंवा भिंतीला टेकलेली होती. न उघडलेली आख्खी गोणी आतपर्यंत सारखीच आवळलेली असेल आणि त्याच लॉटच्या इतर गोण्याही तशाच असतील, तर साखर कारखान्यात गरम असतानाच भरली गेली असण्याची दाट शक्यता आहे. या एकाच प्रकारात पुरवठादाराशी बोलण्यात अर्थ आहे.

चौथा प्रकार ओळखायला शिकणे सर्वांत मोलाचे. हे पातळ, किंचित वक्र पापुद्रे असतात. त्यांची एक बाजू खडबडीत, दाणेदार असते आणि दुसरी इतकी गुळगुळीत की तिच्यावरून बोट फिरवले तर पत्र्यावरच्या वेल्डिंगच्या रेषेचा ठसासुद्धा जाणवतो. असा पापुद्रा हॉपरच्या भिंतीवरून किंवा झाकणाच्या आतल्या बाजूवरून सुटून पडलेला असतो. तो मिळाला की गोदामाची चौकशी बाजूला ठेवून थेट हॉपरकडे वळावे, कारण पाणी तिथेच साकळते आहे.

दुसरी तपासणी : तापमान आणि आर्द्रता

काही शे रुपयांना मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक तीन ठिकाणी ठेवावा : गोदामात, गोण्या रिकाम्या करण्याच्या जागी आणि हॉपरच्या झाकणाजवळ. पहाटे, दुपारी आणि रात्री नोंद करावी. ऑफिसच्या भिंतीवर लावलेल्या मापकाचा यासाठी उपयोग होत नाही.

हे आकडे वाचायचे कसे, ते सांगतो. शुद्ध साखर २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तग धरते आणि त्यापुढे हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. आपल्याकडे येणारी एस-३० किंवा एम-३० (लहान किंवा मध्यम दाण्याच्या प्रतीची) साखर मात्र बहुधा दुहेरी गंधक प्रक्रियेची प्लँटेशन व्हाइट, म्हणजे उसाच्या रसापासून थेट बनवलेली, पुन्हा शुद्ध न केलेली साखर असते. तिच्या दाण्यांवर मळीच्या पातळ थराबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा अंश राहतो, आणि हे अंश पाणी ओढतात, त्यामुळे ही साखर त्या मर्यादेच्या बऱ्याच आधी सादळते. गोदामातील आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असे मी सांगतो ते याच कारणाने. खाडीलगतच्या या पट्ट्यात जुलैमध्ये बाहेरची हवा ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असणे नेहमीचेच आहे.

आता दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी थेंब होऊन सुटू लागते ते तापमान. हवा ३० अंश आणि ८५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. म्हणजे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पत्र्यावर, पाइपवर किंवा गोणीवर या हवेतले पाणी थेंब होऊन बसणार. पॅकिंग हॉल २२ अंशांवर आणि हॉपरचे तोंड वरच्या मजल्यावर मोकळ्या हवेत, अशी मांडणी मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. तिथे हॉपरचा खालचा भाग थंड राहतो आणि वरून दमट हवा आत उतरते. झाकण उचलून आतून पाहिले, तर नटबोल्टच्या रांगेखाली थेंबांची तशीच रांग दिसते आणि प्रत्येक थेंबाखाली साखरेत छोटा पिवळसर खड्डा पडलेला असतो.

तिसरी तपासणी : गोदाम आणि गोण्यांचा प्रवास

या भागातली साखर बहुतेक करून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ट्रकने येते. घाटमाथ्यावर रात्री गार झालेली गोणी सकाळी नवी मुंबईच्या दमट हवेत उतरते. ती लगेच उघडली, तर गार साखरेवर हवेतले पाणी बसते. गोणीच्या आतला प्लॅस्टिकचा लायनर बंद ठेवून ती किमान एक दिवस तशीच राहू द्यावी आणि गोदामाच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. ताडपत्री फाटलेली असेल, तर भिजलेल्या गोण्या माथाडी कामगारांनी उतरवतानाच वेगळ्या लावून घ्याव्यात. थप्पीत गेल्यावर त्या सापडत नाहीत.

थप्पी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर असावी, भिंतीपासून हातभर दूर असावी आणि आधी आलेला माल आधी निघावा. भिंतीपासूनचे अंतर आपल्याकडे जागेच्या टंचाईमुळे सर्वांत आधी गिळले जाते, आणि पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकलेल्या गोण्याच आधी बसतात.

त्याच गोदामात दुसरे गोडवे ठेवलेले असतील, तर त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे. फ्रुक्टोजची पावडर २५ अंशांना साधारण ६२ टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागते. साखरेसाठी चालणारी खोली तिच्यासाठी पुरेशी नसते, आणि साखर व फ्रुक्टोज एकत्र मिसळलेले मिश्रण तर दोघांपेक्षाही लवकर ओले होते. प्रीमिक्स (आधीच मिसळून ठेवलेली कोरडी मिश्रणे) बनवणाऱ्यांनी मिश्रण करून ते रात्रभर उघड्या ड्रममध्ये ठेवू नये, ते याचमुळे. दळलेल्या साखरेचेही तसेच आहे. दळताना दाण्यांचा पृष्ठभाग अस्फटिक होतो, तो हवेतले पाणी पटकन शोषतो, आणि पुन्हा स्फटिक होताना तेच पाणी बाहेर टाकून शेजारच्या कणांना चिकटवतो. पिठीसाखर जमेल तितकी ताजी दळून त्याच पाळीत वापरावी; साठवायचीच असेल, तर त्यात मक्याचे स्टार्च किंवा परवानगी असलेला दुसरा गुठळीरोधक घटक असावा आणि तो लेबलवर दाखवलेला असावा.

चौथी तपासणी : कामाच्या सवयी

गोणी रिकामी करण्याच्या जागेपासून जॅमची कढई किंवा वाफेचा व्हॉल्व्ह किती अंतरावर आहे, ते पाहावे. फरशी धुण्याची वेळ आणि साखर भरण्याची वेळ एकच आहे का, ते विचारावे. रात्रपाळीत झाकण उघडेच राहते का, हे रात्री जाऊन पाहावे.

सुटीच्या आदल्या दिवशी हॉपर भरून ठेवण्याची पद्धत बंद करावी. पहिल्या पाळीला लवकर सुरुवात करता यावी म्हणून ती पाडलेली असते. पण यंत्रे थंड पडतात, वातानुकूलन बंद होते आणि स्थिर उभी साखर स्वतःच्या वजनाखाली दाबली जाते. हॉपर रिकामा करून, कोरडा पुसून, झाकण लावून सोडावा. फक्त एवढ्या बदलाने तक्रार संपलेली मी पाहिली आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पाचवी तपासणी : दाबाची हवा

हॉपरवरची किंवा सायलोवरची (साठवणीच्या उंच टाकीवरची) धूळ अडवणारी फिल्टर बॅग झटकण्यासाठी दाबाची हवा वापरतात. हवा सात बारपर्यंत दाबली की तिच्यातल्या वाफेचा दाबही त्याच पटीत वाढतो, त्यामुळे कूलरमध्ये आणि टाकीत भरपूर पाणी सुटते. ते काढले नाही, तर प्रत्येक झटक्याबरोबर पाण्याचे तुषार थेट साखरेवर पडतात. फिल्टरजवळच्या शेवटच्या नळीचे टोक, लाइनचा दाब आधी कमी करून, स्वच्छ पांढऱ्या कपड्यावर धरावे आणि व्हॉल्व्ह हळू उघडावा. कपड्यावर ओल किंवा तेलाचा डाग दिसला, तर टाकीचा ऑटो ड्रेन आणि एअर ड्रायर तपासावा. ड्रेन तुंबणे फार नेहमीचे आहे. ड्रायर चालू असल्याचा दिवा पुरेसा नाही. त्याच्या काट्यावर दवबिंदूची खूण कुठे आहे ते पाहावे. तेलाचा डाग दिसला, तर तो साखरेच्या प्रवाहापुरता प्रश्न राहत नाही. गुणवत्ता विभागाला त्याच क्षणी कळवावे.

सहावी तपासणी : यंत्र आणि दाण्यांचा चुरा

इथून पुढे हत्यारे लागतात. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी, आणि त्यानंतरच कव्हर उघडावे. चालू स्क्रूमध्ये हात किंवा सळई घालून गुठळी काढणे हा बोटे गमावण्याचा मार्ग आहे.

स्क्रूची पाती आणि ट्रफ (ती जिच्यात फिरतात ती पन्हळ) यांच्यातले अंतर झिजेमुळे वाढले, तर दाणे त्या फटीत भरडले जातात आणि चुरा वाढतो. चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तो आधी सादळतो आणि मोठ्या दाण्यांना बांधतो. गोणीतल्या आणि स्क्रूनंतरच्या साखरेचे सारख्याच वजनाचे नमुने बारीक जाळीतून चाळून पाहावेत. खाली पडलेल्या चुऱ्याचा फरक लगेच दिसतो. ट्रफच्या टोकाला, बेअरिंगच्या सीलमागे आणि इन्स्पेक्शन दाराच्या कडेला जुनी साखर साचलेली असते, ती पूर्ण काढावी. ओल्या फडक्याने पुसले, तर गरम कोरड्या हवेने वाळवल्याशिवाय पुन्हा साखर भरू नये.

हॉपरमध्ये साखरेची कमान (तोंडावर अडून राहिलेला साखरेचा पूल) सतत एकाच उंचीवर धरत असेल, तर तोंड गुठळ्यांच्या मानाने लहान आहे किंवा शंकूचा उतार कमी आहे. व्हायब्रेटर बसवण्याची घाई करू नये. तोंड बंद असताना व्हायब्रेटर चालू राहिला, तर तो साखर मोकळी करण्याऐवजी ठासून बसवतो.

सातवी तपासणी : साखरेची स्वतःची चाचणी

वरचे सगळे ठीक निघाले, तरच प्रयोगशाळेचा खर्च करावा. त्याआधी एक सोपी कसोटी आहे. त्याच लॉटच्या दोन न उघडलेल्या गोण्या कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागी पॅलेटवर तीन-चार दिवस ठेवाव्यात. तिथेही त्या आतून बसल्या, तर ओल सोबतच आलेली आहे.

प्रमाणपत्र वाचताना एक लक्षात ठेवावे. प्लँटेशन व्हाइट साखरेसाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ओलाव्याची मर्यादा ०.५ टक्के आहे. नीट वाळवलेल्या साखरेतला ओलावा मात्र ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. मर्यादेच्या आत असलेली साखरसुद्धा हॉपरमध्ये सहज अडकू शकते. खरेदीच्या करारात ओलाव्याचा स्वतःचा, कडक आकडा लिहून घ्यावा आणि गोणी भरतानाचे तापमानही मागावे. ४० अंशांहून गरम भरलेली साखर थंड होताना तिची ओल गोणीच्या कडेला सरकते आणि तिथे बांधते. अगदी ताज्या साखरेच्या दाण्यांतून ओलावा पुढचे दोन-तीन दिवस बाहेर येतच राहतो, म्हणून हंगामात थेट कारखान्यातून आलेल्या मालाबाबत हे विशेष विचारावे.

कुठे थांबावे

हॉपर किंवा सायलोच्या आत माणूस उतरवायचा नाही. कमान धरलेली साखर वरून भक्कम दिसते, पण तिच्याखाली पोकळी असते. माणूस उभा राहिला की ती फुटते आणि तो काही सेकंदांत गाडला जातो. खालून सळईने ढोसणाऱ्याच्या अंगावरही तीच साखर येते. बंदिस्त जागेत प्रवेशाचे लेखी परवाने, कमरपट्टा, बाहेर उभा राहणारा प्रशिक्षित माणूस आणि सुटकेची साधने असलेल्या पथकालाच हे काम द्यावे. सुपरवायझरने कितीही घाई केली, तरी या बाबतीत नकार द्यावा, आणि व्यवस्थापनाने तो नकार मानावा.

साखरेची धूळ पेट घेते, हे आपल्याकडे अजून पुरेसे माहीत नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले आणि ३६ जखमी झाले. तिथल्या चौकशीत जे पुढे आले, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे : सायलोखालच्या पट्ट्यावर गुठळ्या अडकून साखर सांडत असे, आणि तो पट्टा पत्र्याने बंदिस्त केल्यावर आत धूळ साठत गेली. अमेरिकी अग्निसुरक्षा मानकांत साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा धुळीचा थरही धोक्याची खूण मानला जातो. तुळयांवर, केबल ट्रेवर, दिव्यांच्या कव्हरवर धूळ साठलेली असेल, तर गुठळ्यांचा शोध तिथेच थांबवावा. कोरड्या झाडूने किंवा दाबाच्या हवेने ती उडवू नये. तिच्यासाठी योग्य असलेल्या व्हॅक्यूमने काढून घ्यावी. हॉपरजवळ वेल्डिंग, ग्राइंडर आणि गरम झालेले बेअरिंग यांतले काहीही चालू देऊ नये. धूळ काढण्याची यंत्रणा, स्फोटरोधक दारे आणि अर्थिंग यांचे काम धुळीच्या स्फोटांचा अनुभव असलेल्या सुरक्षा सल्लागाराकडून करून घ्यावे. नियमांबाबत शंका असेल, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारणा करावी.

हॉपरच्या शंकूचा कोन बदलणे, सायलोला उष्णतारोधक आवरण घालणे, कोरडी हवा सोडणारा डीह्युमिडिफायर बसवणे ही कामेही अंदाजाने करू नयेत. डीह्युमिडिफायरची क्षमता खोलीच्या आकारावरून नव्हे, तर दारे किती वेळा उघडतात आणि किती बाहेरची हवा आत येते त्यावरून ठरते. तज्ज्ञाला बोलावताना आर्द्रतेच्या किमान दोन आठवड्यांच्या नोंदी, गुठळ्यांचे वेगवेगळे ठेवलेले नमुने त्यांच्या तारखांसह, मोटरच्या अँपिअरची नोंद आणि अडकण्याच्या वेळांची यादी त्याच्यासमोर ठेवावी. पापुद्रे असतील, तर ते न फोडता डब्यात ठेवावेत आणि हॉपरच्या कोणत्या बाजूखाली सापडले ते डब्यावर लिहावे.